हिशेबाची वही

(प्रवासाला खूप पैसा लागतो, असे आपल्याला वाटते. पण नीट आखणी केली तर साध्या कुटुंबालाही प्रवास परवडतो. मात्र काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हेही समजले पाहिजे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील एका विद्यार्थिनीने आपल्या कुटुंबाच्या माथेरान प्रवासाची हकिगत या पाठात सांगितली आहे.)

आमच्या घरात फडताळावर बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात बिस्किटे नसतात, पैसे असतात. अब्बांचे शिलाईचे छोटे दुकान आहे. ईद आणि दिवाळी जवळ आली की दुकानात काम वाढते. त्या दिवसांत रोज रात्री अब्बा त्या डब्यात थोडे पैसे टाकतात. २०२३ सालच्या दिवाळीनंतर अम्मींनी डबा उघडला आणि पैसे मोजले. साडेसहा हजार रुपये निघाले.

"या पैशांचे काय करायचे?" अम्मींनी विचारले.

कोणी काही बोलायच्या आत दादी हळूच म्हणाल्या, "मला माथेरानची छोटी गाडी पाहायची आहे."

आम्ही सगळे चकित झालो. दादी कधी काही मागत नाहीत. मग त्यांनी सांगितले की, आमचे दादाजान तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम करत. एकदा ते मित्रांबरोबर माथेरानला गेले होते. "तुलाही एक दिवस त्या गाडीत बसवीन," असे ते दादींना नेहमी म्हणत. ते राहूनच गेले.

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "बेटा, तू नववीत आहेस. तुझे गणित चांगले आहे. वही घे आणि हिशेब कर. पाच माणसे, साडेसहा हजार रुपये. जमत असेल तर जाऊ."

मी नवी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिले : माथेरान.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ग्रंथालयात नकाशा उघडून बसले. माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. डोंगराच्या पायथ्याला नेरळ नावाचे रेल्वे स्थानक आहे. अब्बांना वाटत होते की आधी मुंबईला दादरपर्यंत जायचे आणि तेथून परत मागे नेरळला यायचे. पण नकाशा पाहिला तर वेगळेच दिसले. आपल्याकडून जाणारी गाडी मनमाड, नाशिक, कसारा घाट करत कल्याणला पोहोचते. कल्याणला मुंबईहून येणारे दोन रेल्वेमार्ग वेगळे होतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. नेरळ कर्जतच्या मार्गावर आहे. मग दादरला जायचेच कशाला? कल्याणला उतरायचे आणि कर्जतची लोकल पकडायची. कल्याण ते नेरळ हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. दादरला जाऊन परत कल्याणला येण्याचा सुमारे ९० किलोमीटरचा फेरा वाचला.

"शाबास!" अब्बा म्हणाले. "पैसेही वाचले आणि दादरची गर्दीही टळली."

आता प्रश्न होता रेल्वे की एस.टी. चा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट लागू झाले होते. म्हणून अम्मी म्हणाल्या, "बसने जाऊ. मला, दादींना आणि तुला अर्धेच भाडे पडेल." मी दोन्हींची बेरीज केली. तरीही रेल्वेच्या शयनयान वर्गाचे भाडे कमी येत होते. शिवाय रात्रीच्या गाडीत दादींना आडवे होता येणार होते आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचणार होता. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत पूर्वी सवलत मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हणून दादींचे तिकीट पूर्ण धरले. माझा भाऊ अकरा वर्षांचा आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते. बर्थ घेतला नाही तर अर्धे पडते. तो माझ्याच बर्थवर झोपायला तयार झाला. वहीत मी आनंदाने "अर्धे तिकीट" असे लिहिले.

आम्ही शनिवार आणि रविवार टाळून मधल्या वाराचे आरक्षण केले. सुट्टीच्या वारी माथेरानला गर्दी होते आणि खोल्यांचे भाडे वाढते. मधल्या वारी तीच खोली कमी भाड्यात मिळते, हे अब्बांनी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून विचारून घेतले होते.

ठरलेल्या रात्री आम्ही निघालो. अम्मींनी दोन दिवस टिकतील असे पराठे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून घेतला होता. पहाटे कल्याणला उतरलो. हवेत गारवा होता. पुलावरून दुसऱ्या फलाटावर गेलो आणि कर्जतची लोकल धरली. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू अशी स्थानके मागे पडली. इमारती कमी झाल्या, भाताची कापलेली शेते दिसू लागली. आणि मग डाव्या-उजव्या बाजूचे डोंगर जवळ आले. नेरळला उतरल्यावर भावाने बोट दाखवले, "दादी, ती पाहा!"

बाजूच्याच फलाटावर छोटी गाडी उभी होती. तिचे रूळ फक्त दोन फूट रुंद. डबे खेळण्यातल्यासारखे. दादी बराच वेळ तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

या गाडीच्या फेऱ्या थोड्या आणि जागाही थोड्या असतात. म्हणून मी आधीच ठरवले होते की, जाताना टॅक्सीने जायचे आणि येताना छोट्या गाडीने यायचे. नेरळहून टॅक्सी माणशी भाडे घेऊन चालतात. पाच प्रवासी झाले की टॅक्सी सुटते. आम्ही बरोबर पाच होतो. नागमोडी घाट चढून टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबली. तिथेच मोटारीचा रस्ता संपतो.

माथेरानमध्ये मोटारी, स्कूटर यांना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाची गाडी मात्र आत जाऊ शकते. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि त्याच्या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. झाडे, झरे आणि लाल माती जपायची असेल तर धूर आणि गर्दी आवरली पाहिजे, हा त्यामागचा हेतू आहे. असे गाव जगात दुसरीकडेही आहे. स्वित्झर्लंडमधील झेरमॅट या गावात पेट्रोलच्या मोटारी नेता येत नाहीत. लोक मोटार खालच्या गावात ठेवतात आणि रेल्वेने वर जातात.

दस्तुरी नाक्यावर आम्ही नगरपरिषदेचा प्रवासी कर भरला. जवळच अमन लॉज नावाचे स्थानक आहे. तिथून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत छोट्या गाडीच्या जास्त फेऱ्या होतात. पण एक फेरी नुकतीच गेली होती. पुढच्या फेरीला वेळ होता. दादींचे गुडघे दुखत होते आणि बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर दूर होती.

तेवढ्यात हातरिक्षा घेऊन एक मध्यमवयीन माणूस पुढे आला. "आजी, बसा. आम्ही तिघे आहोत. एक ओढतो, दोघे मागून ढकलतात. अलगद नेऊ."

अब्बांनी भाव विचारला. त्याने सांगितला. अब्बांनी एकदम निम्मा भाव सांगितला. माझ्याही मनात हेच होते. वहीतला आकडा मला कमी ठेवायचा होता.

दादी म्हणाल्या, "थांब. तुझ्या दुकानात कोणी सदऱ्याची शिलाई निम्मी द्यायला लागला, तर तुला कसे वाटते?"

अब्बा ओशाळले.

दादी रिक्षावाल्याकडे वळल्या. "बेटा, तुझा भाव बरोबर आहे. पण माझे ओझे तीन माणसांनी चढणीवर ओढायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. मी गाडीची वाट पाहते."

तो माणूस हसला, पण त्याचा आवाज गंभीर होता. "आजी, तुमचे मन मोठे आहे. पण सगळ्यांनी असेच म्हटले, तर आमची चूल कशी पेटायची?"

दादी निरुत्तर झाल्या. मीही विचारात पडले. बसावे तर माणसाला जनावरासारखे राबवल्यासारखे वाटते. न बसावे तर त्याच्या पोटावर पाय येतो. खरे काय?

थोड्या वेळाने दादी म्हणाल्या, "आमचे सामान ने. तू सांगशील ती मजुरी देऊ."

"सामानाला तिघे कशाला? मी एकटा नेतो," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच आधीपेक्षा कमी पैसे सांगितले. अब्बांनी या वेळी घासाघीस केली नाही. दादी, अम्मी आणि भाऊ गाडीसाठी स्थानकात बसले. अब्बा आणि मी रिक्षावाल्याबरोबर पायी निघालो. आमची दोन तिकिटे वाचली, हे मी वहीत लिहायला विसरले नाही.

रस्ता लाल मातीचा आणि दाट सावलीचा होता. हॉर्न नाही, धूर नाही. पक्ष्यांचा आवाज आणि घोड्यांच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या. वाटेत घोड्यांच्या पाठीवर भाजीची पोती दिसली. हातगाडीवर गॅसच्या टाक्या दिसल्या. तेव्हा मला कळले की, इथे चहा आणि पाण्याची बाटली थोडी महाग का असते. प्रत्येक वस्तू कोणीतरी ओढून किंवा वाहून वर आणलेली असते.

"काका, मोटारी सुरू झाल्या तर तुमचे कष्ट वाचतील ना?" मी विचारले.

तो थांबला. कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, "मुली, मोटारी आल्या तर हे रान राहणार नाही. रान नसेल तर तुम्ही इथे कशाला याल? मोटार नको. पण आमच्या छातीवरचे हे ओझेही उतरले पाहिजे. विजेवर चालणारी रिक्षा मिळाली, तर मीच ती चालवीन."

डिसेंबर २०२२ मध्ये माथेरानला ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली होती, असे त्यानेच सांगितले. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र नाक्यावर मला एकही ई-रिक्षा दिसली नाही.

बाजारपेठेजवळ एका कुटुंबाने घरातल्या दोन खोल्या प्रवाशांसाठी ठेवल्या होत्या. त्यांतली एक आम्ही घेतली. थोड्याच वेळात दादी गाडीने आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "बसले एकदाची!" त्या म्हणाल्या. "पण खरा घाट उद्या पाहायचा आहे."

संध्याकाळी आम्ही पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त पाहायला गेलो. दादी सावकाश चालत, दर थोड्या अंतरावर बसत आल्या. समोर प्रबळगड दिसत होता. भावाने पराठा हातात धरला होता. माकडाने झडप घातली आणि पराठा गेला. सगळे हसले, भाऊ मात्र रुसला. त्याला घोड्यावरही बसायचे होते. मी वही उघडून त्याला दाखवली. सामानाची मजुरी आधी धरलेली नव्हती. घोड्यावर बसायचे तर परतीच्या छोट्या गाडीची तिकिटे येत नव्हती.

भाऊ थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादींची गाडी आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा लवकर उठून तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. आम्हाला दुपारच्या गाडीची द्वितीय वर्गाची तिकिटे मिळाली. तोपर्यंत आम्ही शार्लट तलाव पाहून आलो. पायी फिरायला पैसे लागत नाहीत. माथेरानचा सर्वांत सुंदर भाग पायीच पाहता येतो.

दुपारी गाडी सुटली. दादी खिडकीशी बसल्या. गाडी माथेरानहून निघाली की अमन लॉज, वॉटर पाइप आणि जुम्मापट्टी ही स्थानके घेत नेरळला उतरते. सुमारे वीस किलोमीटरच्या या मार्गावर इतकी वळणे आहेत की, कधी कधी आपल्याच गाडीचे इंजिन आपल्याला खिडकीतून दिसते. वाटेत एकच छोटासा बोगदा लागतो. गाडी इतकी सावकाश चालते की, रानातली पाने मोजावीत!

मी दादींना या गाडीची गोष्ट सांगितली. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि त्यानंतर येथे वस्ती वाढू लागली. तेव्हा लोक पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून वर येत. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी या डोंगरावर रेल्वे आणायचे ठरवले. आदमजी लहानपणी गरीब होते. पुढे कष्टाने ते मोठे झाले. मुलाच्या या कामासाठी त्यांनी पैसा दिला. सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले. २२ मार्च १९०७ रोजी ही रेल्वे सुरू झाली.

"म्हणजे माणसांच्या खांद्यावरची पालखी या गाडीने उतरवली," दादी म्हणाल्या.

मला हे सुचलेच नव्हते. या गाडीने अनेक संकटे पाहिली आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते. फक्त अमन लॉज ते माथेरान ही फेरी चालते.

नेरळहून लोकलने कल्याणला आलो आणि रात्रीच्या गाडीने पहाटे घरी पोहोचलो. मी शेवटची बेरीज केली. डब्यात एकशे चाळीस रुपये उरले होते.

आता मी शाळा संपवून पुढच्या वर्गात शिकते. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढावे, हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे न्यायालयाचे मत होते. रिक्षा ओढणाऱ्यांचा रोजगार जाऊ नये म्हणून त्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना सरकारने करावी, असेही न्यायालयाने सांगितले. मी ही बातमी दादींना वाचून दाखवली. त्या दिवशी रिक्षावाल्याने विचारलेल्या प्रश्नाला दादींकडे उत्तर नव्हते. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "आता त्याला रिक्षा लवकर मिळो. नुसती बंदी करून भागणार नाही."

रेल्वेच्या आरक्षणाची मुदतही आता बदलली आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी आरक्षण सुरू होते. ही नोंद मी वहीत केली आहे, कारण डब्यात पुन्हा पैसे साठू लागले आहेत. भावाला घोड्यावर बसायचे आहे.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर मी दोन रकाने केले आहेत. पहिल्या रकान्यात लिहिले आहे, "येथे वाचवावे" : गर्दीचे दिवस, लांबचा फेरा, बाहेरचे खाणे, नको ती चैन. दुसऱ्या रकान्यात लिहिले आहे, "येथे वाचवू नये". त्याखाली एकच शब्द आहे : मजुरी.

शब्दार्थ

आखणी – आधी विचार करून काम ठरवणे
काटकसर – जपून खर्च करणे
हकिगत – घडलेली गोष्ट
फडताळ – भिंतीतले कपाट
गोदी – जहाजे लागण्याची व माल चढवण्या-उतरवण्याची जागा
शयनयान – झोपून प्रवास करता येतो असा रेल्वेचा डबा
नागमोडी – सापासारखा वळणावळणाचा
घासाघीस करणे – भाव कमी करण्यासाठी बोलणे
ओशाळणे – शरमणे
निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे
पोटावर पाय येणे – रोजगार बुडणे
रकाना – वहीच्या पानावरील उभा भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादींची कोणती इच्छा होती?
(आ) कल्याणहून नेरळला जाण्यासाठी कोणत्या मार्गाची लोकल पकडावी लागते?
(इ) मोटारीचा रस्ता कोठे संपतो?
(ई) माथेरानची रेल्वे कोणत्या दिवशी सुरू झाली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रवासाचा खर्च कमी करण्यासाठी लेखिकेने कोणकोणते उपाय केले?
(आ) माथेरानमध्ये वस्तू थोड्या महाग का असतात?
(इ) दादींनी अब्बांना घासाघीस करताना का थांबवले?

३. तुमचे मत लिहा.
"सगळ्यांनी असेच म्हटले, तर आमची चूल कशी पेटायची?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले असते?

४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
खर्च, मुक्काम, सामान, मजुरी, हकिगत

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वस्त, चढण, गारवा, गर्दी

६. उपक्रम
तुमच्या गावाजवळच्या एखाद्या ठिकाणी चार माणसांनी जाण्याचा खर्च काढा. "येथे वाचवावे" आणि "येथे वाचवू नये" असे दोन रकाने करून वर्गात वाचून दाखवा.